व्यसनाधीन पती आणि त्याचा संसार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या दंपतीमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी बोलावयास उभे राहिलेल्या माणसाने पूर्वजांचे गुण गावे, ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीची हकीकत सांगावी, घंटा कोठून आली व वेदीसाठी लाकूड कोणी दिले याचे स्मरण करून द्यावे, हा शिष्टाचार होय. ते काम आमच्याहून अधिक योग्य वक्ते करीतच आहेत. आमच्याकडे आलेला विषय निराळा आहे आणि तो सभेत उच्चारताना जीभ थोडी अडखळते. मंदिराच्या कपाटात विवाहनोंदीची जी जाड पुस्तके आहेत, त्यांत या गावाची सगळी लग्ने लिहिलेली आहेत. परंतु त्यांपैकी कित्येक लग्नांचे पुढे काय झाले, हे कोठेच लिहिलेले नाही. गांजा, चरस, गर्द आणि अलीकडच्या नाना गोळ्या-भुकट्या यांच्या आहारी गेलेला नवरा, त्याच्या मनाची दशा आणि त्याच्याशी बांधली गेलेली त्याची पत्नी, यांविषयी आम्हास आज बोलावयाचे आहे.

हा विषय आम्ही का पत्करला, हे प्रारंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. सन १९८९ मध्ये ओळखीच्या एक विधवा बाई आमच्याकडे आल्या. "मास्तर, पोरगा वाईट नाही. संगतीने बिघडला. लग्न झाले, बायकोची जबाबदारी अंगावर पडली, की आपोआप ताळ्यावर येईल. तुम्ही मुलीच्या बापाशी बोला. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत." मुलगा रोज आगगाडीने मुंबईस कामावर जात असे आणि तेथेच त्यास गर्दची चटक लागली होती. ही गोष्ट आम्हास पुरती ठाऊक होती. आम्ही मुलीच्या घरी गेलो आणि "मुलगा कष्टाळू आहे, एकुलता आहे, आईला जपतो," एवढेच बोललो. त्यांतील एकही शब्द खोटा नव्हता. आणि सगळे मिळून ते असत्य होते. "मास्तर, तुम्ही सांगता म्हणजे झालेच," असे मुलीचे वडील म्हणाले. पुढे तीन रविवार वेदीवरून त्या विवाहाची घोषणा झाली. कोणास काही हरकत ठाऊक असल्यास कळवावी, असे तिन्ही वेळा वाचले गेले. आणि तिन्ही रविवारी आम्ही आपल्या नेहमीच्या बाकावर बसलेले होतो.

त्या मुलीची हकीकत पुढे ओघाने येईल. आधी या विषाची थोडी ओळख करून घेऊ.

अफू व गांजा आपल्या देशास नवे नव्हेत. परंतु १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत जे पसरले ते वेगळे होते. अफूपासून काढलेल्या हेरॉइनची ही मळकट, तपकिरी भुकटी. शिकलेल्यांनी तिला ब्राऊन शुगर म्हटले, रस्त्याने तिला गर्द हे नाव दिले, आणि तिच्या पायी लागलेल्या माणसास गर्दुल्ला. सिगारेटच्या पाकिटातील चांदीच्या कागदावर चिमूटभर टाकावी, खालून काडी लावावी आणि उठणारा धूर नळीने ओढावा, इतकी ती सोपी. सुई नको, बैठक नको, तोंडाला दारूसारखी घाण नको. घरच्यांस कित्येक महिने पत्ता लागत नसे, तो यामुळेच. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशनचे कार्य आरंभिले. १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा मध्यवर्ती कायदा झाला. १९८६ साली पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण उघडले. पाच वर्षांतील या तीन गोष्टी एकापुढे एक मांडल्या, म्हणजे संकट किती वेगाने आले याचा अंदाज होतो. गर्द अद्याप गेलेली नाही. तिच्या जोडीस एमडी नावाची पांढरी भुकटी आली. मेफेड्रोन हे तिचे पूर्ण नाव. २०१५ च्या फेब्रुवारीत ती त्या कायद्याखाली आणली गेली, त्यापूर्वी तिच्या विक्रेत्यास धरणे पोलिसांस अवघड जात असे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत अफूजन्य पदार्थांच्या पायी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख धरली आहे. त्यांत पुरुषच बहुतांश, आणि त्या पुरुषांपैकी पुष्कळ कोणा ना कोणाचे नवरे.

आता त्या माणसाच्या मनाकडे वळू. व्यसनी माणसास लाज नसते, असे आम्ही पूर्वी समजत होतो. अनेक वर्षे अशांच्या शेजारी बसल्यावर आमचे मत अगदी उलट झाले. त्यास लाज इतकी असते की ती सोसवत नाही, आणि न सोसवणारी गोष्ट बधिर करण्याचा त्यास ठाऊक असलेला उपाय एकच असतो. सकाळी घेतले म्हणून दुपारी लाज वाटते, आणि दुपारची लाज विसरावी म्हणून संध्याकाळी घेतो. पत्नीने शिव्या दिल्या तर त्याच्या मनातील न्यायाधीशाने जे आधीच म्हटलेले असते तेच ती म्हणते. त्याने तो सुधारत नाही, केवळ घराबाहेर जावयास त्यास एक कारण मिळते.

यात देहाचाही भाग मोठा आहे. वेदना शमविणारी व मनास स्वस्थता देणारी काही द्रव्ये परमेश्वराने आपल्या मेंदूतच ठेविली आहेत. अफू व हेरॉइन त्यांच्याच जागा बळकावतात. रोज बाहेरून पुरवठा होऊ लागला म्हणजे मेंदू आपली सारी घडी त्याप्रमाणे बदलतो; मग पुरवठा थांबला की सगळा देह बोंब मारतो. जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, हाडांत ठणका, आणि झोप म्हणून नाही. रस्त्यावर यास 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसास पोहोचते आणि आठवड्याभरात बहुधा ओसरते. येथेच घरची माणसे फसतात. "विष उतरले, चेहऱ्यावर तेज आले, आता काय राहिले?" असे म्हणून ती निर्धास्त होतात. वस्तुतः खरी परीक्षा पुढेच असते. त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने, त्या माणसास कशातच गोडी वाटत नाही. जेवण फिके, झोप तुटक, मुलांचा आवाज नकोसा, आणि क्षुल्लक कारणाने संताप. कित्येकांच्या बाबतीत ही उदासी व्यसनाच्या आधीपासूनच असते. तीच विसरावयास त्यांनी पहिली पुडी घेतलेली असते. अशा वेळी डॉक्टरांनी उदासीचाही उपचार केला पाहिजे, नाही तर अर्धेच काम होते. आणि "मी नसलो तर तुम्ही सुटाल," असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर ते सोंग समजून कोणी हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी त्यास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी व एकटे सोडू नये.

ज्या बाईंची गोष्ट आम्ही अर्धी सोडली, त्यांस लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात उशीखाली चांदीचे कागद सापडले, खालून काळे पडलेले. मुलीने चुलीपाशी उभे राहून सासूबाईंस विचारले, हे काय? सासू म्हणाली, "तो सिगारेट पितो ना, त्याचे." मुलीने विश्वास ठेविला. पुढे पगार अर्धा घरी येऊ लागला, मग येईनासा झाला. मग तिच्या बांगड्या गेल्या. कामावरून चौकशी आली की ती शेजारच्या दुकानातून दूरध्वनी करी आणि "यांना ताप आहे" असे सांगे. माहेरी विचारले तर "सगळे बरे आहे." नवरा खोटे बोलतो म्हणून रडणारी ती मुलगी दोन वर्षांत त्याच्यापेक्षा सफाईने खोटे बोलावयास शिकली होती, असे पुढे तिनेच आम्हास सांगितले.

व्यसन एकट्या माणसास लागत नाही. सगळे घर त्याच्या तालावर चालू लागते. पत्नी खिसे तपासते, नाडीवर हात ठेवते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या की काय ते पाहते, स्नानगृहात किती वेळ लागला ते मोजते. ती पत्नी उरत नाही, पोलीस होते; आणि पोलिसाशी कोणी मनातले बोलत नाही. मूल बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा ते ओळखावयास शिकते. सासर म्हणते, "हिने त्यास सांभाळले नाही." माहेर म्हणते, "नशिबाचे भोग." चोहोंकडून बोट तिच्याचकडे वळते, आणि हळूहळू तीही ते खरे मानू लागते. असल्या घरांत ज्या स्त्रिया राहतात त्यांस झोप न लागणे, छातीत धडधड होणे, डोके सदा दुखणे हे विकार जडलेले आम्ही पाहिले आहेत. पण दवाखान्यात त्या नवऱ्यास घेऊन जातात, स्वतःविषयी अवाक्षर काढीत नाहीत.

दांपत्यसुखाविषयी भर सभेत बोलणे संकोचाचे आहे. तथापि मौनाने अधिक हानी होते, असे आमचे मत झाल्यामुळे दोन वाक्ये बोलतो. अफूजन्य पदार्थ दीर्घकाळ घेणाऱ्या पुरुषाच्या देहातील पुरुषत्वाचे द्रव्य कमी होते आणि इच्छा व शक्ती दोन्ही मंदावतात. तो पत्नीपासून दूर राहतो. ती समजते की आपण नावडत्या झालो, किंवा त्याचे मन दुसरीकडे आहे. दारू व एमडीसारख्या उत्तेजक पदार्थांच्या पायी तर कित्येकदा पुरुषाच्याच मनात निष्कारण संशय शिरतो आणि निरपराध स्त्रीस मार खावा लागतो. औषध सुटल्यावर पहिली गोष्ट पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा मार्गावर येते. हे कोणी वेळीच सांगितले असते तर आमच्या परिचयातील एका जोडप्याचे दहा वर्षांचे अबोलेपण टळले असते.

आता शपथांविषयी. आपल्या ख्रिस्ती घरांत व्यसनावरचा पहिला उपाय म्हणजे शपथ. त्या तरुणाने आमच्या समक्ष तीनदा शपथ घेतली: एकदा आईच्या मस्तकावर हात ठेवून, एकदा क्रूसासमोर गुडघे टेकून, आणि तिसऱ्यांदा थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. तिन्ही वेळा तो मनापासून बोलत होता, अशी आमची खात्री आहे. तिन्ही मोडल्या. प्रत्येक मोडलेल्या शपथेने व्यसन होते तेथेच राहिले आणि लाज तेवढी वाढली. शिवाय पत्नीच्या मनात देवाविषयीच किंतु उत्पन्न झाला, तो निराळाच. शपथ वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. हाड मोडलेल्या माणसाकडून आपण चालण्याची शपथ घेत नाही, इतकेच आमचे म्हणणे.

याच संदर्भात चीन देशातील एका संताची गोष्ट सांगावीशी वाटते. संत मार्क जी त्यान्श्यांग हे त्यांचे नाव. यांतील 'जी' हे कुलनाम आहे, आपल्याकडील आदरार्थी 'जी' नव्हे. १८३४ साली जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायाने वैद्य, मुलाबाळांचे, समाजात मान असलेले. गरिबांस औषधोपचार ते फुकट करीत. पोटाच्या दुखण्यावर त्यांनी अफू घेतली आणि ती त्यांस सुटेना. ते वारंवार पापनिवेदनास जात व वारंवार तेच पाप सांगत. अखेर त्यांच्या धर्मगुरूंनी ठरविले की, ज्यास सोडण्याचा खरा निश्चय नाही त्यास पापक्षमा देता येत नाही. व्यसन हा रोगही आहे, ही समज त्या काळी नव्हती. सुमारे तीस वर्षे मार्क यांस पवित्र कम्युनियन मिळाले नाही. तरीही त्यांनी श्रद्धा सोडली नाही. आणि अफूनेही त्यांस सोडले नाही. १९०० साली बॉक्सर बंडाच्या धामधुमीत ते आपल्या मुला-सुना-नातवंडांसह पकडले गेले. श्रद्धा नाकारावी म्हणजे जीव वाचेल, असे सांगण्यात आले असता त्यांनी ते मानले नाही. परंपरेने असे सांगतात की, सर्वांत शेवटी मला मारा, म्हणजे माझ्या घरचे कोणीही एकटे मरणार नाही, अशी विनंती त्यांनी मारेकऱ्यांस केली, आणि मरियामातेची लितानी गात ते तेथे उभे राहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांस इतर चिनी हुतात्म्यांसमवेत संतपद दिले.

ही गोष्ट सांगितली की कोणी म्हणते, "म्हणजे अफू घेतली तरी चालते काय?" तसे मुळीच नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात औषधोपचाराखेरीज अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध म्हटला आहे. परंतु त्याच ग्रंथात असेही आहे की सवय, भीती, अनावर आसक्ती व मनाचे इतर विकार यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. ही दोन्ही वाक्ये एकाच ख्रिस्तसभेची आहेत. त्यांपैकी एकच तोंडपाठ करणारे लोक दोन्ही बाजूंस आढळतात. आम्हास त्या संताच्या चरित्रातील जी गोष्ट मोठी वाटते ती ही की, तीस वर्षांच्या त्या व्यसनी माणसाच्या ठायी पती, पिता व आजोबा जिवंत राहिलेला होता. कोणास तो दिसत नव्हता, एवढेच.

मग करावे काय? प्रथम, उपचार. गर्द एकाएकी तोडून घरात कोंडणे, साखळीने बांधणे, मारझोड करणे, हे उपाय आम्ही पाहिले आहेत; त्यांतील एकाचाही गुण आम्हास दिसला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टर्की पुष्कळ सौम्य करता येते. सरकारी केंद्रांतून बुप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवावयाची गोळी देतात. "एक व्यसन काढून दुसरे लावले," असा आक्षेप तिच्यावर घेतात. पण ती नियमित घेणारा माणूस कामास जातो, चोरी करीत नाही, आणि त्याच्या मरणाचा धोका पुष्कळ कमी होतो. मधुमेह्यास रोज इन्सुलिन घेताना आपण असा आक्षेप घेत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. काही आठवडे बंद राहिल्यानंतर देहाची सोसण्याची शक्ती उतरते. अशा वेळी पाय घसरून माणसाने पूर्वीचे प्रमाण घेतले, तर श्वास बंद पडून तो दगावतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच फार जपण्याचे. कायद्याची भीती बाळगून कित्येक जण उपचारास येत नाहीत. त्यांनी हे जाणावे की १९८५ च्याच कायद्यात, अल्प प्रमाणात बाळगणारा वा सेवन करणारा व्यसनी स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचारास गेल्यास त्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम घातलेले आहे. १४४४६ हा सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही याच कामी आहे.

दुसरे, उपचार दोघांचा असावा. अमेरिकेत तिमथी ओ'फॅरेल या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनी पुरुष व त्यांच्या पत्नी यांस एकत्र बसवून एक साधी रीत घालून दिली. रोज ठरल्या वेळी नवऱ्याने पत्नीसमोर बसावे आणि, कालपासून मी काही घेतले नाही, आजच्या दिवसापुरते घेणार नाही, तू साथ देतेस याबद्दल तुझा आभारी आहे, इतकेच म्हणावे. पत्नीनेही त्याचे आभार मानावे व आणखी काही मदत हवी काय ते विचारावे. औषधाची गोळी असेल तर ती त्याच वेळी तिच्यादेखत घ्यावी. गेल्या वर्षीचे उणे काढावयाचे नाही, पुढच्या वर्षीची धास्ती बोलावयाची नाही. झडती नाही, खिसे तपासणे नाही. एकट्या नवऱ्याचा उपचार आणि दोघांचा एकत्र उपचार यांची तुलना करून पाहिली असता, दुसऱ्या रीतीने व्यसन अधिक काळ दूर राहते व संसारातील समाधानही वाढते असे पुष्कळ प्रयोगांत दिसून आले आहे. जेथे मारहाणीचे भय आहे, तेथे मात्र ही रीत योजू नये.

वाचणाऱ्यास हे पोरखेळासारखे वाटेल. आम्हासही वाटले होते. पण ज्या घरात दहा वर्षे एकही खरे वाक्य बोलले गेले नाही, त्या घरात रोजचे एक खरे वाक्य ही लहान गोष्ट नव्हे.

नवरा सुधारू लागल्यावर पत्नीचे दुःख संपते, ही समजूतही चुकीची आहे. दारूतून सुटलेल्यांची जी सभा १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक बिल विल्सन. त्यांच्या पत्नी लोइस यांनी सतरा वर्षे नवऱ्याचे पिणे सोसले. तो सुटला आणि रोज संध्याकाळी आपल्यासारख्यांच्या सभांस जाऊ लागला. एके दिवशी "चल, उशीर होईल" असे तो म्हणताच बाईंनी पायातील बूट त्यास फेकून मारला. मागाहून त्यांच्या ध्यानात आले की, जे आपल्या प्रेमाने इतक्या वर्षांत झाले नाही ते परक्या माणसांनी केले, याचा तो राग होता. याच अनुभवातून १९५१ साली त्यांनी व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही सभा उभी केली. आणि आपणा कॅथलिकांस अभिमान वाटावा असे येथे एक नाव आहे. १९४० च्या अखेरीस एका पावसाळी रात्री काठी टेकीत येऊन खचलेल्या बिल विल्सन यांची पाठराखण करणारे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग. ते स्वतः दारूचे व्यसनी नव्हते. अमेरिकेत कॅथलिक दंपतींसाठी काना गावच्या लग्नाच्या नावाने जे मेळावे भरू लागले, त्यांच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांतही हेच फादर होते. ज्या मेळाव्यात आपण आज बसलो आहो, त्याचे नाते या कामाशी इतके जुने आहे.

क्षमा करा, असे पत्नीस सांगावयास लोक फार तत्पर असतात. क्षमा ख्रिस्ताची आज्ञा आहेच. पण मार खात राहणे ही आज्ञा नव्हे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदासंहितेतील ११५३ व्या कलमाप्रमाणे, जोडीदाराकडून स्वतःच्या वा मुलांच्या देहास किंवा मनास गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे, आणि विलंबाने अनर्थ होणार असेल तर धर्माधिकाऱ्यांच्या निर्णयाची वाट न पाहताही तसे करता येते. देशाच्या २००५ च्या कायद्यानेही अशा स्त्रीस संरक्षण दिले आहे. वेगळे राहिल्याने विवाहबंध तुटत नाही. उलट, पत्नी मुलांस घेऊन निघून गेल्यावरच जो उपचारास तयार झाला, असे पुरुष आम्ही एकाहून अधिक पाहिले आहेत.

त्याच संहितेत १०९८ वे कलम आहे. संसारास गंभीर बाधा आणणारा दोष, संमती मिळविण्याच्या हेतूने कपटाने लपविला गेला, तर तो विवाह अवैध ठरतो, असा त्याचा आशय. हे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या हातून ग्रंथ खाली ठेवला गेला. १९८९ साली आपण काय केले याला नाव आहे, हे त्या दिवशी कळले. "लग्न करून द्या, सुधारेल," हे वाक्य आपल्या गावांत अद्याप बोलले जाते. मातांनो, लग्न हे औषध नव्हे, आणि दुसऱ्याची मुलगी ही औषधाची बाटली नव्हे. विवाहपूर्व शिबिरात दोघांसही व्यसनाविषयी स्पष्ट प्रश्न विचारला जावा, आणि मध्यस्थी करणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या शब्दास वजन आहे अशा आमच्यासारख्यांनी, माहीत असलेले सर्व सांगावे किंवा मध्यस्थी करू नये. सुधारलेल्या तरुणाचे लग्न होऊ नये असे नाही. दीड-दोन वर्षे तो स्वच्छ राहिलेला असावा आणि मुलीस सर्व सांगितलेले असावे.

त्या बाईंनी एकदा आम्हास विचारले होते, "मास्तर, तुम्हाला ठाऊक होते काय?" तेव्हा आम्ही मान हलवून नाही म्हटले. खरे उत्तर देण्यास आम्हास आणखी अकरा वर्षे लागली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मला तेव्हा सांगितले असते, तर सगळा दोष माझाच, असे मी इतकी वर्षे मानले नसते." त्यांनी आमची क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. त्यांचे यजमान तीनदा उपचारास गेले, दोनदा घसरले; २००३ पासून ते स्वच्छ आहेत. मधली चार वर्षे बाई मुलांसह माहेरी होत्या. हल्ली दोघे एकत्र राहतात. संध्याकाळी जपमाळेस बसण्यापूर्वी ते म्हणतात, "आज घेतले नाही." बाई म्हणतात, "बरे झाले," आणि माळ हाती घेतात. इतक्या वर्षांनी आता हे कशाला, असे मुलांनी विचारले तर दोघेही उत्तर देत नाहीत.

ही हकीकत सांगण्यास दोघांची परवानगी आम्ही घेतलेली आहे. आज ती दोघे या सभागृहात आहेत की नाहीत, हे मात्र आम्ही सांगणार नाही. तेव्हा कृपा करून कोणी मागे वळून पाहू नये.